तीन बिघा : दोन देशांचा एक चौक

न्यू जलपाईगुडी स्थानकावर उतरलेला प्रवासी सहसा दार्जिलिंगच्या दिशेने पाहतो. टॅक्सीवालेही त्याला तिकडेच न्यायला टपलेले असतात. मयनागुडी आणि चांगराबांधामार्गे मेखलीगंजला जाणारा रस्ता पर्यटकांचा नव्हे. दोन्ही बाजूंना ताग, भात आणि तंबाखूची शेते, पत्र्याची छपरे, घरामागे सुपारीची झाडे. डोंगर मागे पडतात आणि तिस्तेकाठचा सपाट प्रदेश सुरू होतो.

मेखलीगंजच्या पुढे एक चौक लागतो. दिसायला अगदी साधा. उत्तर-दक्षिण रस्ता भारतीयांचा, मेखलीगंजहून कुचलीबाडीकडे जाणारा. त्याला छेदणारा पूर्व-पश्चिम रस्ता बांगलादेशींचा, पाटग्रामहून दहाग्रामकडे जाणारा. एका रस्त्यावरून भारतीय मुले सायकलवरून शाळेला निघालेली, दुसऱ्यावरून माणसे आणि पोती लादलेली बांगलादेशी सायकल-व्हॅन चाललेली. मध्ये सीमा सुरक्षा दलाचा जवान वाहतूक पोलिसासारखा उभा. ना पासपोर्ट, ना व्हिसा. नियम एकच, सरळ जायचे. कुणी डावीकडे किंवा उजवीकडे वळला, की झाली घुसखोरी!

हाच तो 'तीन बिघा' पट्टा. १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद, म्हणजे जेमतेम पावणेचार एकर. शेजारच्या गावांतली मंडळी सुटीच्या दिवशी येथे सहलीला येतात. पलीकडच्या माणसांकडे कुतूहलाने बघतात आणि पलीकडचेही तसेच बघत पुढे जातात. कॅमेरा काढण्याआधी जवानाला विचारलेले मात्र बरे.

राजांचे सारीपाट

मराठी वाचकांना कूचबिहार हे नाव परिचयाचे आहे ते बडोद्याच्या इंदिराराजांमुळे. सयाजीराव गायकवाडांच्या या कन्येने ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या त्यांच्याच कन्या. पतीच्या निधनानंतर १९२२ पासून इंदिरादेवींनी अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य सांभाळले. त्या काळी शेजारच्या रंगपूर जिल्ह्यात विखुरलेली संस्थानाची गावे म्हणजे महसुलाच्या वहीतली नोंद होती. सारा एकीकडे भरायचा, बाजार दुसरीकडे करायचा. कुणाचे काही अडत नसे.

ही गावे विखुरली कशी? कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावे पणाला लावत, अशी कथा येथे सांगतात. कथा मोठी गमतीची आहे, पण खरी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात लढाया झाल्या आणि १७१३ च्या सुमारास तह झाला. तेव्हा जो जमीनदार ज्याच्या बाजूचा, त्याच्या जमिनी त्याच्याकडे राहिल्या, मग त्या दुसऱ्याच्या मुलखात का असेनात. घोळ झाला तो पुढे. १९४७ मध्ये रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले आणि १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झाले. महसुलाच्या वहीतले ठिपके एका रात्रीत परदेश ठरले.

या ठिपक्यांना तेथे 'छिटमहल' म्हणतात. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. त्यातही दहाला खागडाबाडी नावाचा एक तुकडा तर विलक्षणच. बांगलादेशात भारताचे गाव, त्या गावात बांगलादेशाचा तुकडा आणि त्या तुकड्यात पुन्हा भारताचे पावणेदोन एकराचे तागाचे शेत! जगात असे दुसरे ठिकाण नव्हते.

दुरून ऐकताना हसू येते. तेथे राहणाऱ्यांना हसू येत नसे. छिटमहलात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, वीज नव्हती, पोलिस नव्हते आणि मतही नव्हते. आपल्या देशात जायचे तर परका मुलूख ओलांडायचा, म्हणजे व्हिसा हवा. व्हिसासाठी पासपोर्ट हवा आणि पासपोर्ट मिळणार तो आपल्या देशात गेल्यावर. मुलाला भारतातल्या शाळेत घालायचे, तर अर्जावर भारतीय शेजाऱ्याचे नाव बाप म्हणून लिहावे लागे. सरकारी इस्पितळात बाळंतपणासाठी गेलेली बाई नवऱ्याच्या जागी दुसऱ्याच पुरुषाचे नाव सांगे. ज्या समाजात नवऱ्याचे नाव घेतानाही बाई संकोचते, तेथे कागदावर परक्याची बायको व्हायचे!

एक तास उघडे, एक तास बंद

दहाग्राम-अंगारपोता हे या सर्वांतले सर्वांत मोठे बांगलादेशी छिटमहल. आपल्या देशापासून ते तुटलेले होते अवघ्या १७८ मीटरने. चालायला दोन-तीन मिनिटे. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला. दक्षिण बेरुबाडीचा वादग्रस्त भाग भारताकडे राहायचा आणि त्याबदली तीन बिघा बांगलादेशाला कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायचा. बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे मात्र प्रकरण न्यायालयात आणि आंदोलनात अडकले.

आंदोलन करणारे होते चौकाच्या दक्षिणेकडचे कुचलीबाडीकर. त्यांना मेखलीगंजशी जोडणारा रस्ता याच पट्ट्यातून जातो. पट्टा बांगलादेशाला दिला तर उद्या आपलेच छिटमहल होईल, ही त्यांची धास्ती. दिल्लीत बसलेल्यांना हा आडमुठेपणा वाटला असेल, पण शेजारच्या दहाग्रामची अवस्था रोज डोळ्यांसमोर असणाऱ्यांची ही भीती खोटी नव्हती. त्या लढ्यात माणसांचे जीवही गेले.

अखेर २६ जून १९९२ रोजी फाटक उघडले, तेही मोजून मापून. दिवसाउजेडी एक तास उघडे, एक तास बंद, असे दिवसाचे सहा तास. सार्वभौमत्व भारताचे, वापर बांगलादेशींचा. दहाग्रामचा संसार घड्याळाच्या काट्यावर चालू लागला. बाजाराला गेलेला माणूस भाव जुळेपर्यंत थांबू शकत नसे. पाहुण्यांना जेवण अर्धे सोडून उठावे लागे. पुढे ही मुदत वाढून दिवसाचे बारा तास झाली. पण आजारपण काही फाटकाची वेळ पाहून येत नाही. संध्याकाळी कुणाला कळा सुरू झाल्या, तर सकाळपर्यंत देवाचा धावा करण्याखेरीज उपाय नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग यांच्या ढाका भेटीत रस्ता चोवीस तास उघडा ठेवण्याचे ठरले. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान शेख हसीना स्वतः या रस्त्याने दहाग्रामला आल्या. अवघ्या १७८ मीटरसाठी ३७ वर्षे लागली होती.

एकदाच विचारलेला प्रश्न

बाकीच्या छिटमहलांचा निकाल लागला तो ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. १६२ तुकड्यांची अदलाबदल झाली, मेणबत्त्या लागल्या, झेंडे फडकले. दहाग्राम तेवढे या अदलाबदलीतून वगळले होते, म्हणून तीन बिघ्याचा रस्ता आजही आहे.

प्रत्येकाला एकदाच विचारले गेले, कोणता देश हवा? भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांत १४ हजारांहून अधिक लोक होते. त्यांतले कुणीही घर सोडून गेले नाही, सगळे भारतीय झाले. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांत ३७ हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी सुमारे ९०० जणांनी भारत निवडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात भांडीकुंडी आणि पत्रे ट्रकवर लादून ही कुटुंबे सीमेवर आली. मेखलीगंज, हल्दीबाडी आणि दिनहाटा येथे त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्यांच्या वसाहती उभारल्या होत्या. पक्क्या सदनिका मिळायला पुढे काही वर्षे गेली. जमीन मागे राहिली. पुष्कळांच्या मुलीही मागे राहिल्या, कारण त्या पलीकडे सासरी नांदत होत्या. निवडीचा हक्क २०११ च्या गणनेत नाव असलेल्यांना आणि त्यांच्या नंतर जन्मलेल्या मुलांनाच होता. गणनेच्या दिवसांत मजुरीला बाहेरगावी गेलेल्यांचा प्रश्न आला तसा राहून गेला. घुसखोरीवर तावातावाने बोलणारे आणि माणुसकीवर गहिवरून बोलणारे, दोघांनाही या नऊशे जणांचा त्यानंतर विसर पडला.

हल्दीबाडीची गोष्टही ऐकण्यासारखी. १९६५ च्या युद्धापर्यंत येथून पलीकडच्या चिलाहाटीला रेल्वे जात असे. डिसेंबर २०२० मध्ये तो मार्ग पुन्हा जुळला आणि जून २०२२ पासून न्यू जलपाईगुडी ते ढाका 'मिताली एक्स्प्रेस' धावू लागली. मिताली म्हणजे मैत्री. बांगलादेशात अशांतता उसळली आणि जुलै २०२४ मध्ये ती थांबली. भावैया गाणी मात्र दोन्हीकडे तीच. त्यांचे थोर गायक अब्बासउद्दीन अहमद कूचबिहारमधल्या तुफानगंज भागात जन्मले आणि फाळणीनंतर ढाक्याला गेले. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटतात.

कुंपण हाच आता येथला मोठा विषय. सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षक बांधकाम करायचे नाही, असे दोन्ही देशांत १९७५ पासून ठरलेले आहे. त्यामुळे भारताचे तारेचे कुंपण बहुतेक ठिकाणी भारतीय जमिनीवर, रेषेच्या बरेच आत उभे आहे. तार आणि रेषा यांच्या मध्ये भारतीय शेतकऱ्यांची शेते अडकली. शेतावर जायचे तर कुंपणाच्या फाटकापाशी ओळखपत्र द्यायचे, नोंद करायची आणि ठरलेल्या वेळेत परतायचे. रात्री पिकाची राखण करता येत नाही. त्या पट्ट्यात उंच वाढणाऱ्या तागाला सुरक्षा दलाचा विरोध असतो, कारण त्याआड कुणीही लपू शकते.

दिवस कलला, की सीमेवरच्या या फाटकांपाशी भारतीय शेतकऱ्यांची लगबग सुरू होते. खांद्यावर नांगर, डोक्यावर गवताचा भारा, पुढे बैल. उशीर झाला तर जवानाची बोलणी खावी लागतात. ओळखपत्र परत घेऊन, वहीत सही करून माणसे घराकडे वळतात आणि मागे फाटकाला कुलूप लागते. तीन बिघ्याच्या चौकात त्या वेळी दिवे लागलेले असतात आणि पाटग्रामचा बाजार आटोपून दहाग्रामच्या सायकल-व्हॅन सावकाश घरी चाललेल्या असतात.