पेल्याखालची मुनिया

गोदावरीला पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पुराची इयत्ता ठरविण्याचा नाशकाचा जुना शिरस्ता आहे; आणि नेमक्या त्याच दिवसांत, हवेत दमटपणाचा अंमल बसला असता, आमच्या सागवानी मेजावर गार पाण्याने भरलेला तांब्याचा पेला ठेवावा, तो बघता बघता त्याच्या अंगाला घाम फुटतो, ओघळून बुडाशी साचतो, आणि पेला उचलला की लाखेच्या पॉलिशवर एक पांढुरके वलय उमटलेले दिसते. पेले भांडी बाजारातून मी हौसेने आणलेले, आणि मेज माझ्या वडिलांच्या वेळचे. सबब या उभय पक्षांतील तंट्याचा निवाडा करणे मला जड जात होते. तो सुनेने आपल्याकडे घेतला आणि गेल्या वर्षी घरात भरतकामाचे यंत्र आणले.

पेल्याखाली घालावयाच्या त्या टीचभर चौकोनाला हल्ली सगळेच कोस्टर म्हणतात. वस्तू मात्र आपल्याला अगदीच परकी नव्हे. आमच्या आईच्या घरी ताटाखाली अडणी होती, आणि नदीवरून येणाऱ्या कळशीखाली चुंबळ होती. ती जुन्या लुगड्याची धांदोटी पिळून केलेली, ओली झाली की दांडीवर वाळत पडणारी, आणि विरली की चुलीजवळ भांडे उतरविण्याच्या कामी लागणारी. तिच्यावर फूल भरावे, असे कोणाच्या मनात आले नाही. भरतकाम मिरवावयाचे ते रुखवतात: उशांचे अभ्रे, चोचीत चिठ्ठी धरलेली कबुतरे, कोपऱ्यात गुलाब असलेले रुमाल. जी वस्तू खाली जावयाची आणि जिच्यावर भांडे बसावयाचे, तिच्यावर नक्षी काढणे आईला निखालस उधळपट्टी वाटली असती. आणि खरे सांगावयाचे तर प्रथम मलाही वाटली.

यंत्राविषयीही माझे मत फारसे अनुकूल नव्हते. परंतु यंत्रयुगावर एवढा आक्षेप घेणाऱ्या गांधीजींनीसुद्धा 1924 साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून गौरविले होते, तेव्हा मी अधिक ताणून धरले नाही. शिवाय हे यंत्र पाहता पाहता मला माझ्या मामलेदार कचेरीची आठवण होऊ लागली. संगणकावर तयार झालेला नक्षीचा मसुदा त्याच्या हाती पडला म्हणजे ते त्या हुकमाची अक्षरशः तामिली करते. आपल्या अकलेचा एक टाका अधिक घालीत नाही की उणा करीत नाही. एक रंग संपला की पुढील आज्ञेची वाट पाहत स्वस्थ उभे राहते, आणि दोरा तुटला तर तगाद्याची शिट्टी वाजविते. हाताने भरताना कापड स्थिर राहते आणि सुई आरपार जाऊन परत येते. येथे सुई एकाच जागी खालीवर होत असते, आणि 10 सेंटिमीटर चौरसाची चौकटच तिच्याखाली डावीउजवीकडे सरकते. सुईचे नेढे टोकाशी, ही युक्ती एलिआस हाउ याच्या 1846 सालच्या पेटंटात आहे. तिच्यायोगे वरचा दोरा कापडाखाली फास करतो आणि खालच्या बॉबिनचा दोरा त्यात अडकून दोघांची गाठ कापडाच्या पोटातच बसते. त्या वाटोळ्या बॉबिनवरूनच एका जपानी कंपनीने आपले नाव जानोमे, म्हणजे सापाचा डोळा, असे ठेवले. उघड्या झडपेतून तो खरोखरच रोखून पाहतो.

कोस्टर शिवण्याची रीत मात्र मोठी मौजेची. चौकटीत प्रथम कागदासारखे अस्तर ताणून बसवितात. त्यावर यंत्र चौकोनाची आखणी करून देते. त्या आखणीवर कापसाचा पातळ थर, त्यावर सुती कापड, आणि मग नक्षी. नक्षी पुरी झाली की पाठीचे कापड तिच्यावर पालथे घालून चारही बाजूंनी टीप मारावयाची, पण एका बाजूस दोन बोटांची वाट मोकळी ठेवून. चौकटीतून काढल्यावर जे हाती येते ते उलटे, आंधळे, दोऱ्यांनी लोंबणारे गाठोडे असते. कडा कातरून, कोपरे छाटून, त्या वाटेतून सगळे बाहेर ओढले म्हणजे नक्षी एकदम उजेडात येते. ती वाट शेवटी हातानेच शिवावी लागते, याचे मला अंमळ समाधान आहे. लोंबणारे दोरे कापण्याचे काम माझ्याकडे आहे, पेन्शनरास साजेसे.

पहिला मोर झाला तो मोठ्या थाटाचा. पिसाऱ्यातील प्रत्येक डोळा चमकत्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने गच्च भरलेला. टाके इतके दाट, की मध्यभागी कापडाला बेंड आले आणि कडा चुरगळल्या. पेला त्यावर डुगडुगला, घाम पिसाऱ्यावरून निसटला आणि मेजावर गेला. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पिते ते सूत. आणि सुताला वावच उरला नव्हता.

"बाबा, एवढी तीन तासांची मेहनत!" सून म्हणाली.

तेव्हा मला आपल्या भाषेतील दोन शब्द आठवले. एकाच कामास आपण भरत म्हणतो आणि कशिदाही म्हणतो. परंतु भरत म्हणजे भरणे, आणि फारसीतून आलेल्या कशिदा या शब्दाच्या मुळाशी आहे ओढणे. दौतीत बुडविलेला बोरू ओढावा, तसा दोरा ओढावयाचा. "भरू नकोस, ओढ," मी म्हणालो. आणि माझे हे भाषाशास्त्र तिने, आश्चर्याची गोष्ट, मनावर घेतले.

नमुना तिने निवडला तो येवल्याचा. येथून 80 किलोमीटरांवर मागावर बसलेला विणकर पैठणीच्या काठात मुनिया विणतो, ती रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या गुंतवून. म्हणून अस्सल पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते. आमची मुनिया तशी नाही. तिची पाठ अस्तरात झाकलेली आहे, आणि ती झाकली आहे हेच बरे. पुढून मात्र केवळ हिरव्या दोऱ्याची एकेरी रेघ, चोचीशी लाल, पंखात दोन वळणे. बाकी सगळे सूत मोकळे, पाणी पिण्यास सिद्ध.

पेला ठेवला की मुनिया दिसत नाही. पाणी पिण्यासाठी तो उचलला म्हणजे, आणि तेवढाच वेळ, ती मेजावर असते. दारी आलेल्या माणसास पाणी देताना सून आता ते कोस्टर मुद्दाम वडिलांच्या मेजावर मांडते, आणि पाहुणा पेला ओठाशी नेतो तेव्हा त्याची नजर खाली वळते की नाही, हे मी चष्म्याआडून पाहत बसतो. बहुतेकांची वळत नाही. पाच वर्षांच्या नातीची वळते. ती पेला उचलते, मुनिया पाहते, घोटही न घेता पुन्हा ठेवते, पुन्हा उचलते. आणि एवढ्या घाईत ठेवलेला पेला अर्धा मुनियेवर असतो आणि अर्धा मेजावर.