आणि मग मी गोधडी विकली!

थांबा, आधी ऐकून घ्या! मी गोधडी विकली! म्हणजे शिवली नाही हं, मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नाही. शिवली मावशीनं, वाईजवळच्या तिच्या गावी, पडवीत बसून. पण विकली मी! खऱ्याखुऱ्या प्रदर्शनात, खऱ्याखुऱ्या स्टॉलवर, एका अनोळखी बाईंना! तेव्हापासून मी ज्याला त्याला धरून हेच सांगत सुटलेय. ऑफिसातले लोक मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्यानं जातात. आज तुम्ही सापडलात!

तर पुण्यात कोथरूडला हस्तकलेचं एक प्रदर्शन होतं, मावशीच्या बचत गटाला त्यात अर्धा स्टॉल मिळाला, आणि शहरातल्या गिऱ्हाइकांशी बोलायला, यूपीआयचे पैसे आले का बघायला कुणीतरी हवं म्हणून मला बोलावणं आलं. मी गेले ते मोठे उपकार करत असल्यासारखी! विकायचं म्हणजे काय, वस्तू मांडायची, किंमत सांगायची, पैसे घ्यायचे. अहो, कसलं काय!

लोक गोधडी उलटी करून बघतात! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! आधी हात लावतात, मग अंगठ्यानं चेपतात, मग झटकन उलटी करून मागचे टाके बघतात, आणि काही बायका तर चक्क नाकाशी धरून वास घेतात! आणि मग मीही उलटी केली, आणि लहानपणापासून जी अंगावर घेऊन लोळले ती गोधडी पहिल्यांदा नीट बघितली, तर धावदोऱ्याच्या ओळी कडेनं निघून, कोपऱ्यात वळून, चौकोनाच्या आत चौकोन करत थेट मध्यापर्यंत गेलेल्या! ना पट्टी, ना खडूची रेघ! मावशीला म्हटलं, इतकं सरळ कसं येतं गं? तर म्हणाली, "वाकडं गेलं की सुईच सांगती." घ्या!

आणि मग किमतीचं नाटक! मावशी म्हणत होती आठशे. "जुन्या लुगड्यांची तर हाय, फुकटच्या कापडाचं किती घ्यायचं?" गावात येणारा व्यापारी तर त्याहूनही कमी देतो म्हणे. हे शेजारच्या स्टॉलवरच्या बाईंनी ऐकलं. त्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या. टेबलावर आंबे, वांगी, मिरच्या, सगळं लाकडाचं, आणि रंग असा की हात पुढे जातोच! त्यांनी आमच्याच वहीत हिशेब मांडला. एका गोधडीला किती वेळ? मावशी म्हणाली, रोज तीनेक तास, पंधरा-सोळा दिवस. म्हणजे धरा पन्नास तास. तासाला पन्नास रुपये धरले, अगदी कमीत कमी, तरी झाले 2,500. वर दोरा, एसटीचं तिकीट, स्टॉलभाडं. मावशी बघतच राहिली. "मी तासावर लावायची असती व्हय?" इतकी वर्षं तिनं कापडाची किंमत धरली होती, स्वतःची धरलीच नव्हती! मी मुकाट्यानं चिठ्ठीवर 2,800 लिहिलं आणि पोटात गोळा आला.

सकाळ सरली, भवानी होईना. लोक चिठ्ठी बघत, भुवया उंचावत, पुढे जात. आणि मग एक बाई थांबल्या, गोधडी उलटी केली (सांगितलं ना!), आणि घासाघीस न करता विचारलं, "हे हिरवं कशाचं आहे हो?" झालं! मावशी सुरू! हिरवं सुनेच्या डोहाळजेवणाचं, जांभळं जत्रेत घेतलेलं, काठ सासूबाईंच्या नऊवारीचा, मधला तुकडा जरा विरलाय म्हणून त्यावर दोन थर जास्त. आणि त्या बाई ऐकतायत, आणि मागून आणखी दोघी येऊन ऐकतायत, आणि मी आपली पिशवी धरून उभी, आणि मग मोबाइलमधून आवाज आला, पैसे जमा! दोन हजार आठशे! मी ओरडले. खरंच ओरडले! समोरच्या स्टॉलवरचे कोल्हापुरी चपलांचे काका दचकले.

या काकांचंही सांगायलाच हवं. त्यांच्याकडे चामडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, आणि चपलेत एकही खिळा नसतो! एकही! मी वाकून वाकून शोधला! 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काकांना प्राडाबद्दल विचारतं, आणि काका काही न बोलता चपलेची वेणी हातात देतात. मला तरी वाटतं, वस्तूचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून सगळ्यात सोपा उपाय हाच, करणारा माणूस वस्तूशेजारी बसलेला असावा.

पण खरा खजिना आमच्या वहीत जमत होता! किती जणांनी विचारलं, वॉशिंग मशीनमध्ये चालेल का? मावशीनं हा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता! कुणाला बाळासाठी दुपटं हवं, कुणाला फ्लॅटच्या कपाटात मावेल अशी पातळ गोधडी हवी, एका मुलाला तर सोफ्यावर टाकायला फक्त निळ्या छटांची! आणि एक बाई म्हणाल्या, आईच्या साड्या कपाटात पडून आहेत, देववत नाहीत आणि नेसवत नाहीत, त्यांची शिवून द्याल? आगाऊ पैसे देऊन गेल्या! व्यापाऱ्यानं यातलं एक अक्षर तरी गावापर्यंत पोचवलं असतं का? संध्याकाळपर्यंत मावशीचं पुढच्या कामाचं ठरलंसुद्धा, आधी दुपटी!

नफा म्हणाल तर भाडं, प्रवास, जेवणखाण वजा जाता फार मोठा नाही. पाय सुजतात, धूळ खाऊन घसा बसतो, आणि स्वच्छतागृहाबद्दल नकोच बोलायला. पण शेजारी डबा उघडतात, सुट्टे देतात, आपण चहाला गेलो की आपला स्टॉल सांभाळतात! सावंतवाडीच्या बाईंनी तर मावळत्या उन्हात मला गंजिफा दाखवला, गोल पत्ते, दशावतारी संचात 120, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा! खेळ मला कळला नाही. पण मत्स्यावताराचा पत्ता हातातून सोडवेना!

घरी येऊन झोप कुठली! मोबाइल काढला आणि वाचत सुटले. हरियाणात सूरजकुंडचा मेळा 1987 पासून, दर फेब्रुवारीत! दिल्लीचं दिल्ली हाट 1994 चं, तिथे कारागिरांचे स्टॉल पाळीपाळीनं बदलतात! आपल्याकडे बचत गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस, पुण्यात डिसेंबरात भीमथडी! रात्री मावशीला फोन लावला, तर ती म्हणाली, "दिल्लीला थंडी असती न्हवं? मग गोधड्या खपतील."

या धंद्यातलं मला शून्य कळतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. दुपारी दोन ते चार स्टॉल ओस पडतात आणि रिकाम्या स्टॉलकडे कुणी फिरकत नाही, पण समोर एक जण जरी उभा दिसला की पाच मिनिटांत घोळका जमतो! म्हणून तुमच्यासाठी काम काढलंय. पुढच्या प्रदर्शनाला दुपारी अडीचला या. अनोळखी असल्यासारखे उभे राहा, गोधडी उचला, उलटी करा, जमलं तर वासही घ्या. विकत घेतलीच पाहिजे असं मुळीच नाही! फक्त मावशीला "हे हिरवं कशाचं?" असं विचारू नका. विचारलंत, तर तुमच्या पाकिटाची जबाबदारी माझी नाही!