किला गेटच्या आत्याचा बर्गर

ग्वाल्हेरचा किल्ला बघायचा तर किला गेटकडून पायी चढावा, असे माझी आत्या नेहमी सांगते. मोटारी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जातात. पायी जाणारा मात्र १६६० सालच्या आलमगिरी दरवाजातून आत शिरतो, गुजरी महाल पाहतो आणि एकेक दरवाजा ओलांडत मानसिंह तोमराच्या निळ्या फरशांच्या राजवाड्यापाशी पोहोचतो. मागच्या डिसेंबरात मी तसाच चढलो. उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते.

आत्याचे घर बाजारामागच्या बोळात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून इथे तळ हलवला, त्या छावणीचेच पुढे लष्कर झाले आणि मराठी घरे रुजली. आपल्या भागाचे या गावाशी नाते गाण्याचेही आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून दक्षिणेत आले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याचकडे मिरजेत शिकले.

ताटात बेडई किंवा कचोरी असेल, अशी माझी अटकळ. आत्या म्हणाली, "आज बर्गर आहे."

सत्तरी ओलांडलेल्या आत्याच्या तोंडी हा शब्द ऐकून मला हसू आले. पण कारण ऐकले आणि हसू मावळले. बारा वर्षांचा नातू रोज संध्याकाळी बाहेरचे मागवायचा, खोलीत एकटा खायचा आणि आजीने मराठीत विचारले की हिंदीत उत्तर द्यायचा. "मी त्याच्याशी भांडत नाही," आत्या म्हणाली, "तव्याजवळ बोलावते."

तिची रीत साधी. उकडलेले बटाटे गार करून किसायचे, म्हणजे पाणी सुटत नाही. त्यात आले-मिरची, मीठ, कोथिंबीर आणि बांधून येण्यापुरता ब्रेडचा चुरा. पोळीच्या उंड्यात पुरण भरतो तशी हातावर वाटी करायची, मध्ये चीजचा गार तुकडा ठेवायचा आणि कडा मिटवायच्या. फट राहिली की चीज तव्यावर आलेच! टिक्क्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मध्यम आचेवर शेकायच्या. आच मोठी असेल तर वरून करपतात आणि आतले चीज घट्टच राहते. मग लोण्यावर भाजलेला बन, हिरवी चटणी, कांदा, टोमॅटो.

नातवाची पहिलीच टिक्की उलली. "आजी, फट गया!" तो ओरडला.

"फुटला म्हण," आत्या शांतपणे म्हणाली.

"फुटला," तो म्हणाला आणि दुसरी वळायला घेतली. तासाभरात वळणे, मिटवणे, शेकणे, उलटणे असे किती शब्द त्याच्या तोंडून गेले! यातला एकही शब्द त्याच्या शाळेच्या पुस्तकात नाही.

आपली घरे दोन भाषांची. तरी मुले हल्ली तिसरीतच, इंग्रजीत उत्तरे देतात. मीही मुलांना शिकवणारा माणूस, पण घरी याकडे कधी नीट पाहिले नव्हते. परत आल्यावर रविवारी लेकीला ओट्याशी उभे केले. सारण भरताना सौ. म्हणाली, "होळिगेच्या हूर्णासारखं भर." लेकीने घाईत टिक्की उलटली आणि चीज तव्यावर पसरले.

"फुटला," मी म्हणालो.

"ओडीतु," तिची आई म्हणाली.

लेकीने दोन्ही शब्द म्हटले आणि तव्यावरचे कुरकुरीत चीज उचलून तोंडात टाकले.