बोंडातलं बिऱ्हाड

करकंबच्या शिवारात उजनीचं पाणी आल्यापासून बघावं तिकडं ऊस. म्हणूनच ज्वारीच्या कडेला करडईचे तास दिसले, तेव्हा पाय थबकले. पिवळी फुलं शेंदरी होत सुकायला लागली होती. एक बोंड मात्र बुडाशी काळपट, ओलसर. ते काटे चुकवत फोडलं. कुजकट वास आला, आणि दाण्याच्या जागी एक पिवळट अळी वळवळली.

ही करडईची फळमाशी. मादी न उमललेल्या बोंडावर बसते, शेपटाची सुई आत खुपसून अंडी ठेवते. अळ्या फुलाचं कोवळं अंग आणि भरत आलेले दाणे खातात, तिथंच कोषात जातात, आणि आठवड्याभरात राखी रंगाची, ठिपक्याठिपक्यांच्या पंखांची माशी बाहेर पडते. घरमाशीहून लहान. गुरांनी तोंड घालू नये म्हणून ज्वारीच्या कडेनं करडई पेरायची. ते काटे हिला मात्र आयतं कुंपण. 1794 साली रोस्सी नावाच्या इटालियनानं तिची शास्त्रात नोंद केली. तिकडं रानातल्या काटेरी जांभळ्या फुलांवरही ती असाच संसार मांडते.

काढणीचं मात्र सांगायलाच हवं. आजोळी करडई कधी उन्हात काढत नसत. दवानं काटे मऊ पडतात, म्हणून अंधारातच बायका निघायच्या. हाताला पोत्याचे तुकडे, जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या. विळ्याचा खसखस आवाज, अधूनमधून एखादी शिवी. काट्याला, नाहीतर नवऱ्याला. मी बांधावर शालीत गुरफटून बसायचो, काम काही नाही, चहाची किटली राखायची. ऊन चढलं की मामी हाक द्यायची, "आता हात लावू नगा तिला, जागी झाली ती!" सगळ्या जणी कंबर सरळ करत बांधावर यायच्या. पुढं खळ्यावर काठ्यांनी बडवायची आणि वाऱ्यावर उफणायची. भरीव दाणा पायाशी, पोचट दाणा भुसकटाबरोबर लांब. तो कुणी पोखरला, हे विचारायला सवड कुणाला? मामी म्हणायची, "वाऱ्याचा वाटा वाऱ्याला." मला ती वाटणी आजही फवाऱ्याच्या पंपापेक्षा बरी वाटते, अर्थात माझं पोट शेतीवर नाही.

सोलापूरच्या संशोधकांनी 1982 साली 'भीमा' वाण दिला. फलटणच्या निंबकर संस्थेनं तर बिनकाट्याची करडई काढली. पाकळ्या वेचायला सोपी, हे खरं. पण बांधावर तिला बघून गुरं काय ओशाळणार?

तेलाचं कौतुक सगळे करतात, भाजीचं कुणी करत नाही. काटे धरायच्या आत खुडलेली कोवळी पानं, मूगडाळ, ठेचलेला लसूण आणि कडक भाकरी. पंढरपूरच्या एका खानावळीत मागितली, तर पोऱ्यानं पालक आणून ठेवला, आणि वर विचारलं, "अजून घ्याल का?"