झाकण

परवा शनिवारी आईने साफसफाई काढली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या फुटक्या वस्तूवर तिची नजर पडली. "हे झाकण अजून किती वर्षं सांभाळणार आहेस?"

झाकण म्हणजे बॉनेट. मारुती ८००चं, फायबरचं, अस्मादिकांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं. कोपऱ्यात लाल रंगात बाबांच्या अक्षरात 'रिजेक्ट' लिहिलंय. मी म्हटलं, राहू दे. आईने त्याच्यावर पायपुसणं वाळत घातलं आणि विषय संपला.

तर झालं असं. आमच्याकडे बाबांची २००३ सालची पांढरी ८०० आहे. ही गाडी बनणं जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, पण आमची अजून ठणठणीत आहे. मी तिच्यावर गाडी शिकलो, आणि नोकरी लागल्यावर मित्राच्या नादाने ऑटोक्रॉसला जायला लागलो. मोकळ्या मैदानात मातीचा ट्रॅक आखलेला असतो, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. हरायला फारसे पैसे लागत नाहीत, एवढाच या खेळाचा मोठेपणा. एकदा मी चार दशांश सेकंदांनी मागे पडलो. मित्र म्हणाला, "वजन काढ." मी स्पेअर व्हील काढलं, मागची सीट काढली, आणि मग माझी नजर बॉनेटवर गेली. चार बोल्ट, दहाचा पाना, दहा मिनिटांत हातात. भंगारवाल्याच्या काट्यावर मोजलं, ८ किलो ४०० ग्रॅम.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. (चार वर्षं मेकॅनिकल शिकून पाच वर्षं जावा लिहिणाऱ्या माणसातला इंजिनियर असा अवेळीच जागा होतो.) हिशेब सोपा होता. फायबर, म्हणजे काचेची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, वजनाला पोलादाच्या साधारण पाचवा भाग. पण ताठपणाला पंचविसावा भाग! मग फायदा काय? फायदा असा, की पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी तिप्पट केली की ताठपणा सत्तावीस पट. म्हणजे ०.७ मिलिमीटरच्या पत्र्याऐवजी २.१ मिलिमीटरचं फायबर घेतलं की ताठपणा तेवढाच आणि वजन तीन पंचमांश. चाळीस टक्के फुकट!

आणि यात नवीन काहीच नाही. अमेरिकेत १९५३ सालची पहिली कॉर्व्हेट फायबरच्या बॉडीची होती, आपल्याकडे १९८०च्या दशकात बंगळूरची सिपानी डॉल्फिन होती. कार्बन फायबर त्याहून बरंच ताठ आणि हलकं, पण त्याच्या मीटरचा भाव ऐकून मी फोन ठेवला.

बाबांना सांगितलं. बाबांची एकतीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये डाय फिटर म्हणून गेली. दरवाजे, छपरं, बॉनेटं, पत्र्याचं जे जे गाडीला लागतं ते त्यांच्या डायांमधून निघालेलं. त्यांनी पेपरमधून डोकं वर काढून एकच विचारलं, "लॅचचं काय करणार आहेस?"

"दोन बोल्ट मारतो की."

"बरं," म्हणाले आणि परत पेपरात शिरले. ते 'बरं' मला तेव्हा कळलं नाही.

काम शिकायला भोसरीकडच्या एका शेडमध्ये गेलो. तिथले काका गणेश मंडळांसाठी फायबरचे देखावे, हत्ती, पुतळे बनवतात. गणपतीच्या आधी तीन महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो तेव्हा ते एका अर्ध्या सिंहाच्या पोटात बसून रोलर फिरवत होते. म्हणाले, "अहो इंजिनियर साहेब, पुतळा चुकला तर पुट्टी लावतो आम्ही. तुमचं बॉनेट वाऱ्यात पळणार. जमेल का?" मी मान डोलावली.

आधी मोल्ड. मूळ बॉनेटला मेणाचे सहा हात, प्रत्येक हात पुसून चकचकीत करायचा. त्यावर पीव्हीएचा निळा पातळ थर, मग जेलकोट, मग मॅटचे थर, मागून लाकडी पट्ट्या म्हणजे मोल्ड पिळवटत नाही. दोन दिवसांनी कडेने लाकडी पाचरी हळूहळू ठोकल्या आणि 'चर्रर्र' आवाज करून मोल्ड सुटला. आत आमच्या गाडीच्या बॉनेटची उलटी छबी, उजव्या कोपऱ्यातल्या पोच्यासकट. तो पोचा मीच बारावीत पाडला होता.

रेझिनचं काम म्हणजे वेळेशी मारामारी. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर, तेही टक्का-दीड टक्का. हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. काकांनी हे मला पहिल्या दिवशी तीनदा म्हणायला लावलं. दुसरा नियम एका वेळी थोडंच कालवायचं, हा मात्र मी विसरलो. आईस्क्रीमच्या डब्यात किलोभर कालवलं. रेझिन आवळताना उष्णता सोडतं आणि डब्यात ती अडकून बसते. मी मॅट कापून येईपर्यंत डब्यातून धूर निघत होता आणि डबा वाकून टेबलाला नमस्कार करत होता. काकांनी तो पत्र्यावर सरकवून बाहेर मातीत नेऊन ठेवला. बोलले काही नाहीत, पण सिंहाच्या पोटातून हसू ऐकू आलं. काचेच्या कुसळांची खाज हा वेगळा अध्याय. सोमवारी क्लायंट कॉलवर मी मान खाजवत होतो आणि मॅनेजरला वाटलं डेडलाईनचं टेन्शन.

चार रविवारांनी बॉनेट तयार झालं. ४५०च्या मॅटचे दोन थर, मागे चार बारीक पट्ट्या. ३ किलो ४०० ग्रॅम! हिशेबापेक्षाही हलकं. मूळ बॉनेटला आतल्या बाजूने जी भोकाभोकांची पत्र्याची फ्रेम असते, ती मी बनवलीच नाही. उगाच वजन, असा माझा निष्कर्ष.

त्या रविवारी सकाळी बाबांना म्हटलं, चला, तळेगावपर्यंत चक्कर मारू. जुना मुंबई-पुणे हायवे. साठच्या पुढे बॉनेटचे कोपरे थरथरायला लागले. बाबा म्हणाले, "फडफडतंय रे." मी म्हटलं, "हलकं आहे ना." एका उंचवट्यावर गाडी आपटली, 'टक्' आवाज आला, आणि पुढच्या क्षणी समोर आकाश नव्हतं, रस्ता नव्हता, फक्त पांढरं फायबर. बॉनेट उघडून काचेवर आपटलं होतं. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. लॅमिनेटेड होती म्हणून आत आली नाही.

माझा पाय ब्रेकवर गेला. बाबांनी माझ्या मांडीवर हात दाबून धरला. "जोरात नको. मागे ट्रक आहे." मग मान खिडकीतून बाहेर काढली. "इंडिकेटर दे. डावीकडे घे. अजून घे. सरळ ठेव... आता हळू. थांब."

ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. आम्ही कडेला उतरलो. बाबांनी बाटलीतून पाणी घेतलं तर अर्धं शर्टावर सांडलं. एकतीस वर्षं प्रेससमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात. माझे तर गाडीच्या टपावर टेकल्याशिवाय स्थिरच होईनात. बॉनेट दोरीने बांधून, खिडकीतून मान काढून, वीसच्या वेगाने घरी आलो. आईला सांगितलं, काच दगड लागून फुटली आणि बॉनेट मोल्डमधून काढताना. (आई, सॉरी.)

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर पार्किंगमध्ये जुनं पत्र्याचं बॉनेट उलटं ठेवलेलं, आणि बाबा स्टूल टाकून बसलेले. शेजारी लाल रंगाचा डबा. फायबरवर 'रिजेक्ट' लिहून झालं होतं.

"बस," म्हणाले. "हे बघ. लॅचचा हूक जिथे बसतो तिथे हात लाव. इथे आतून वेगळी जाड प्लेट आहे. ओढ सगळी इथे येते, ती पसरवायला. तू दोन बोल्ट नुसत्या फायबरमधून घातलेस, त्यांनी भोक फाडलं." मग आतली फ्रेम. बाहेरच्या पत्र्याची कड तिच्यावर दुमडलेली, त्याला ते हेमिंग म्हणतात. मध्ये ठिकठिकाणी मऊ मॅस्टिकचे ठिपके, म्हणजे पत्रा वाजत नाही. "तू जिला उगाच म्हणालास ती ही. बाहेरचा पत्रा नुसता कागद आहे, ताठपणा हिच्यात." आणि मग एका आडव्या खाचेवर बोट ठेवलं. "हे काय असेल?"

"वजन कमी करायला?"

"समोरून धडक बसली की बॉनेट इथे मोडून घडी व्हायला पाहिजे, तंबूसारखं. नाहीतर अख्खं मागे सरकून काचेतून आत येईल. ही खाच मुद्दाम कमजोर ठेवलेली आहे. अशा एका खाचेसाठी आम्ही डाय अकरा वेळा उतरवली होती."

एकतीस वर्षांत ते घरी इतकं कधी बोलले नव्हते. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

दुसरं बॉनेट आम्ही दोघांनी केलं. आतल्या फ्रेमचा वेगळा मोल्ड, दोन भाग कडेने चिकटवलेले. लॅच आणि बिजागऱ्यांच्या जागी दीड मिलिमीटरच्या पोलादी प्लेटा थरांमध्ये गाडलेल्या, त्यांना भोकं पाडलेली म्हणजे रेझिन आरपार जाऊन पकड घेतं. शिवाय पुढे दोन बॉनेट पिना, लॅच सुटला तरी झाकण जागेवर. काका आणि बाबा यांचं असं जमलं की मी चहा आणण्यापुरता उरलो. दोघंही मोल्डवर बोट फिरवून डोळे मिटून काय चुकलंय ते सांगायचे. घडीची खाच मात्र फायबरमध्ये जमत नाही, कारण फायबर वाकत नाही, तुटतं. म्हणून बाबांची अट आहे, हे बॉनेट रस्त्यावर नाही. तसंही मूळ गाडीत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१९च्या निकालात कुठे बसतात यावर आरटीओशी वाद घालायची माझी हौस नाही. पत्र्याचं लावून मैदानापर्यंत जायचं, तिथे बदलायचं, संध्याकाळी परत पत्र्याचं.

वजन भरलं ५ किलो १०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ तीन पंचमांश, माझ्या पहिल्याच हिशेबाप्रमाणे. बाबा म्हणाले, "गणित बरोबर होतं की तुझं. अर्धंच बनवलंस."

वाचले ३ किलो ३००. दसरा-दिवाळीत माझं स्वतःचं तेवढं वाढतं. पुढच्या ऑटोक्रॉसला मी सहा दशांशांनी मागे पडलो. असो.

मैदानावर बॉनेट बदलायला दहाचा पाना घेऊन बाबाच येतात. पिना स्वतः लावतात, मग तळहाताने दोनदा ठोकून बघतात. नव्या बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात त्यांनी मार्करने 'ट्रायल २' लिहिलंय. परवा मी विचारलं, "बाबा, 'ओके' कधी लिहिणार तुम्ही?"

"अजून ट्रायल चालू आहे," म्हणाले आणि पाना खिशात टाकून चहाच्या टपरीकडे निघाले.