न झालेला स्फोट

मे १९९८ मध्ये सोलापुरात, परीक्षा संपल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी, मी फ्रेडरिक फोर्साइथची ‘द फोर्थ प्रोटोकॉल’ (१९८४) वाचत होतो. सोव्हिएत हेर अणुबॉम्बचे सुटे भाग इंग्लंडमध्ये गोळा करतो. ब्रिटिश गुप्तचर अधिकारी प्रेस्टन त्याचा माग काढतो. ११ मे रोजी पोखरणची बातमी आली. गल्लीत पेढे वाटले गेले, मीही घेतला. पुढे कळले, की तेथेही सारी सामग्री हेरकथेचीच होती : लष्करी गणवेशातील शास्त्रज्ञ, ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ हे कलामांचे सांकेतिक नाव, अमेरिकी उपग्रहांची नजर चुकवून रात्री चाललेले काम. १९७४च्या चाचणीतही सहभागी असलेले अनिल काकोडकर त्या चमूत होते. मात्र हेरकथेचा आकृतिबंध स्फोट टळण्यावर उभा असतो. पोखरणचे गुपित स्फोटातच सुफळ संपूर्ण झाले. मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे पाहिले ते बहुधा अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या मोजण्यापुरते. त्यामुळे हा भेद तपासायला परिभाषाच हाताशी नाही. त्या रात्री मी शेवटची प्रकरणे संपवली. बॉम्ब फुटला नाही, आणि मला खरोखर हायसे वाटले. उरलेला अर्धा पेढा टेबलावर तसाच होता.