आपल्यात बसलेला खबऱ्या

आंबेडकरी चळवळीच्या कुठल्याही तालुक्यात जा, दोन गट असतील तर एक आरोप हमखास ऐकायला मिळतो: "तो पोलिसांचा माणूस आहे." पुरावा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही, निवडणुकीत कुणी दुसऱ्याच पक्षाची गाडी धरली, मोर्चाच्या आदल्या रात्री नोटीस आली, की बोट कुणाकडे तरी वळतंच. कळंबात हेच, यवतमाळात हेच, नागपुरात तर विचारूच नका. खबरे असतात हे खरं आहे, म्हणूनच या विषयावर गंभीरपणे लिहायला हवं. ज्याच्याकडे बोट जातं तोच खबऱ्या असतो असं मात्र नाही.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत होतो तेव्हा ग्रंथालयात एक जाड इंग्रजी खंड हाती लागला. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने 1982 साली काढलेला, बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या मूळ साधनांचा पहिला खंड. त्यात वर्तमानपत्रांच्या बातम्या आहेत, आणि मुंबई पोलिसांच्या गुप्त अहवालांतले उतारेही आहेत. कुठे सभा झाली, किती लोक जमले, आंबेडकर काय बोलले, ठराव कोणते झाले. भाषा कोरडी, सरकारी. पण वाचताना एकदम लक्षात येतं की बाबासाहेब बोलत होते तेव्हा समोरच्या गर्दीत सरकारचा एक माणूस बसला होता. त्याला मराठी येत होतं, म्हणजे तो इथलाच कोणीतरी होता. तो ऐकत होता आणि परत जाऊन लिहीत होता. आज आपले अभ्यासक त्याच उताऱ्यांवरून त्या सभांच्या तारखा आणि भाषणांचा सारांश लावतात. ज्याला आपल्यावर नजर ठेवायला पाठवलं, त्यानेच आपला थोडाफार इतिहास राखून ठेवला. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला तर हसू आलं होतं.

हे शक्य झालं कारण बाबासाहेबांची चळवळ उघड्यावर चालत होती. 1927च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली ती भर परिषदेत. त्याच परिषदेत कुलाब्याच्या जिल्हाधिकाऱ्याने स्वतः येऊन सत्याग्रह करू नका म्हणून भाषण केलं होतं. बाबासाहेबांच्या मांडवात इंग्रज कलेक्टरला बोलायला मिळालं! अशा मांडवात लपून बसलेल्या खबऱ्याने चोरायचं काय? जे बोलायचं ते आधीच 'बहिष्कृत भारत'मध्ये छापलेलं असायचं.

गुप्त बंडाचं गणित वेगळं असतं. उमाजी नाईकावर इंग्रजांनी दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमिनीचं इनाम लावलं, आणि 1831 साली तो सापडला तो आपल्याच माणसांच्या फितुरीने. रामोशी म्हणजे गावाची राखण करणारी जमात. त्यातलाच एक बंडखोर, त्यातलेच फितूर. पुण्यात 22 जून 1897ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा वीस हजारांचं बक्षीस होतं. दामोदर चाफेकरांचं नाव पोलिसांना दिलं गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंनी. गणेश द्रविड आधीच तुरुंगात होता, त्याला सुटकेची आशा होती. 8 फेब्रुवारी 1899ला वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघा भावांना घराबाहेर बोलावून संपवलं. शाळेच्या पुस्तकात चाफेकर हुतात्मे आणि द्रविड फितूर, एवढ्यात विषय आटोपतो. तुरुंगात असलेल्या माणसाला पोलिसांनी नेमकं काय आमिष दाखवलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हाला तो प्रश्नच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी मार्क्स यांचा 1974चा एक लेख आहे, चळवळीत घुसवलेल्या खबऱ्यांवर आणि चिथावणीखोरांवर. चळवळींचा अभ्यास करणारे या माणसाला विसरूनच जातात, अशी त्यांची तक्रार आहे. आपल्याकडेही तसंच. आपण नेते मोजतो, गट मोजतो, फुटी मोजतो. खबऱ्या फक्त शिवी म्हणून उरतो.

खरं तर खबर देण्याचं काम आपल्या पूर्वजांवर जन्माने लादलेलं होतं, हे आपण सोयीने विसरतो. गावात कोण नवा माणूस आला, चोराचा माग कुठे गेला, हे पाटलाला आणि चौकीला कळवणं महाराचं काम. शिवेचा तंटा झाला तर महाराचा शब्द शेवटचा. वऱ्हाडात जागल्या, वर्धा नदीच्या पलीकडे कोतवाल. ज्याची सावली चालत नाही त्याची साक्ष चालते! गावाचा विश्वासू आणि गावाबाहेरचा, दोन्ही एकाच वेळी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं, ते या बांधिलकीतून माणूस मोकळा व्हावा म्हणून. आणि त्याच वर्षी सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात सैन्यात आणि पोलिसात आपल्या लोकांना भरती करा ही मागणीही होती. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. वेठबिगारीतला राखणदार नको, वर्दीतला, पगाराचा, हक्काचा पोलीस हवा. म्हणून आज आपल्या वस्त्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दिसतात, त्यांना "व्यवस्थेचे गुलाम" म्हणणारे आमचे काही मित्र आम्हाला पटत नाहीत.

आता आमच्या डोळ्यांसमोरचं. 1 जानेवारी 2018ला भीमा कोरेगावला जमलेल्या लोकांवर हल्ला झाला, 3 तारखेला महाराष्ट्र बंद झाला, आणि मग गावोगावच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. असाच एक पोरगा. नाव, गाव, ठाणं काहीच सांगणार नाही. बाप नाही, आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. पोरगा पहाटे चारला उठून सोळाशे मीटर धावायचा, गोळा फेकायचा. भरतीत चारित्र्य पडताळणी असते, आणि केस लागलेली. त्याला कुणीतरी बोलावून सांगितलं, तुझं बघू, दाखलाही निघेल. रविवारी विहारात अभ्यासवर्ग होतो ना, तिथे बसत जा. कोण येतं, काय बोलतात, बाहेरून कोण येतं, तेवढं सांगत जा.

तो चार महिने आला. सगळ्यांच्या आधी यायचा, चटया टाकायचा, शेवटी झाडून जायचा. आम्ही 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचत होतो. सुरुवातीला भिंतीला टेकून बसणारा पोरगा पुढे येऊन प्रश्न विचारायला लागला, आणि प्रश्न चांगले असायचे. एका संध्याकाळी तो घरी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "भाऊ, मी तुमचं तिकडे सांगत असतो."

मग बराच वेळ बसला. "सगळं नाई सांगत. थोडं सांगतो, थोडं ठेवतो. इथं बसलो का वाटते मी तुमचाच हाय. तिकडे गेलो का वाटते, साहेबानं माह्यं काम केलं तर मायची मजुरी सुटन. झोप लागत नाई भाऊ."

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथे आम्ही सावध झालो. आता त्याला भाषणं नको होती म्हणे. कुणाच्या घरी पाहुणा उतरतो, कोणत्या खोलीत झोपतो, कुणाचा मोबाईल नंबर काय, हे हवं होतं.

या ठिकाणी शिकागोचा विल्यम ओ'नील आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून 1972 साली मुंबईतल्या आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं, त्या पक्षाच्या शिकागो शाखेत हा पोरगा घुसवला गेला. तो स्वतः कृष्णवर्णीय. मोटार चोरीत सापडला होता, एफबीआयच्या अधिकाऱ्याने केस मिटवायची भाषा केली. पुढे त्याच अधिकाऱ्याला तो आपला आदर्श मानू लागला होता. पँथरमध्ये तो सुरक्षाप्रमुख झाला. म्हणजे खबऱ्या कोण ते शोधायचं काम खबऱ्याकडेच! त्याने फ्रेड हॅम्पटनच्या घराचा नकाशा काढून दिला, पलंग कुठे आहे त्यासकट. 4 डिसेंबर 1969च्या पहाटे पोलीस घुसले. हॅम्पटन मेला, तेव्हा त्याचं वय 21 होतं. ओ'नीलला तीनशे डॉलर बक्षीस मिळालं. वीस वर्षांनी त्याने एका माहितीपटासाठी मुलाखत दिली, आणि जानेवारी 1990मध्ये भर रस्त्यावर गाडीसमोर जाऊन जीव दिला. न्यूयॉर्कचा जीन रॉबर्ट्स तर माल्कम एक्सच्या अंगरक्षकांत होता आणि पगार पोलिसांचा घेत होता. 21 फेब्रुवारी 1965ला माल्कमला गोळ्या लागल्या तेव्हा तोंडाला तोंड लावून श्वास देणारा हाच. नंतर पँथरच्या खटल्यात तो सरकारच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, आणि ज्युरीने सगळ्या आरोपींना सोडून दिलं. श्वास देणारा खरा की साक्ष देणारा खरा? आम्हाला वाटतं दोन्ही खरे.

तिकडची दुसरी गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी. एफबीआय खबरे तर पेरतच होती, पण जो खबरी नाही त्याच्याविषयी तो खबरी आहे अशी अफवाही पेरत होती. खोटी पत्रं, निनावी फोन. एक खरा खबऱ्या चळवळीचं जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान दहा खोट्या संशयांनी होतं, हे त्यांना नेमकं कळलेलं होतं. आपल्याकडे हे काम करायला सरकारला माणूसही नेमावा लागत नाही. आपण फुकटात करतो.

आणि संशयाची किंमत काय असते ते बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. गडचिरोलीत एप्रिल 2018मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीत चाळीस नक्षलवादी मारले गेले. जानेवारी 2019मध्ये कसनासूरच्याच तीन गावकऱ्यांना नक्षलवाद्यांनी ठार केलं. आरोप एकच, तुम्ही खबर दिली. मारणाऱ्यांच्या दलात आदिवासी, मरणारे आदिवासी, आणि पोलिसांच्या सी-60 पथकात जंगल ओळखणारे म्हणून भरती केलेलेही स्थानिक आदिवासीच. छत्तीसगडात सरकारने आदिवासी पोरांनाच विशेष पोलीस अधिकारी करून हातात बंदुका दिल्या, ते सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011ला घटनाबाह्य ठरवलं. जिथे चळवळ लपून चालते तिथे खबऱ्याला शिक्षा एकच असते, आणि तिथे अपील नसतं. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949ला संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडा म्हणून सांगितलं, त्यामागे हाही विचार आम्हाला दिसतो.

तर पोराचं काय करायचं? आमच्या बैठकीत दोघे म्हणाले, फोटो टाका ग्रुपवर, गावाला कळू द्या. एकजण तर हात उगारायच्याच गोष्टी करत होता. आम्ही नकार दिला. ज्याने स्वतः येऊन सांगितलं त्याला उघडं पाडलं तर पुढचा कधीच येऊन सांगणार नाही, हा साधा हिशेब. त्या पोराला आम्ही म्हटलं, विहारात माईकवर जे बोललं जातं ते खुशाल सांग. लिहून हवं असेल तर आमच्या वहीतून उतरवून घे. पण कोण कुठे झोपतं, कुणाचा नंबर काय, कुणाची पोरगी कुठे शिकते, हे विचारलं तर माहीत नाही म्हण, आणि वकिलाकडे चल. वकील आम्ही करून दिला. 1930च्या सभेत बसलेला माणूस आणि ओ'नील यांच्यात हाच फरक आहे. एकाने भाषण लिहून नेलं, दुसऱ्याने घराचा नकाशा.

पोरगा पुढे कंपनीत कामाला लागला, पुण्याकडे. केस चालूच आहे. धावणं सुटलं.

आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, पँथरच्या काळापासूनचे, आम्हाला भोळे म्हणतात. त्यांचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. सुधीर ढवळे काय लपून काम करत होते? 'विद्रोही' नियतकालिक छापून विकायचे. जानेवारी 2011ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाहून परतताना रेल्वे स्टेशनवर धरले. चाळीस महिने आत काढून मे 2014मध्ये निर्दोष सुटले. जून 2018मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा धरले, ते जानेवारी 2025पर्यंत आत. त्याच प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाईली घुसवल्या होत्या, असा अहवाल अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी 2021मध्ये दिला. घुसखोरी बावीस महिने चालू होती म्हणे. म्हणजे आता खबऱ्याला चटई टाकायला विहारात यावंच लागत नाही. त्याला आईची आठवण येत नाही, झोप उडत नाही, आणि तो एका संध्याकाळी दारात येऊन "भाऊ" म्हणत नाही. आमचे ज्येष्ठ विचारतात, उघड राहून तुम्ही वाचलात का?

वाचण्याची हमी नाहीच. पण ढवळे 2014मध्ये निर्दोष सुटले ते न्यायालयातून. जंगलातल्या कसनासूरच्या तिघांना तेवढीही संधी मिळाली नव्हती. यावर ज्येष्ठांचं समाधान झालेलं नाही आणि आमची चर्चा संपलेली नाही.

सध्या आम्ही एवढं केलंय. अभ्यासवर्गात काय वाचलं, कोण काय बोललं, याची वही विहारातच टेबलावर असते, कोणीही उघडून पाहावी. हजेरीच्या वहीत फक्त संख्या लिहितो, नावं आणि फोन नंबर लिहीत नाही. भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाडीची यादी एकाच माणसाकडे असते आणि गाडी परत आली की फाडून टाकतो. आणि कुणी कुणाला खबऱ्या म्हटलं तर त्याने ते सभेत उभं राहून, पुराव्यासह, समोरच्याच्या तोंडावर म्हणायचं, असं ठरलंय. हे ठरल्यापासून विहारात एकदाही कोणी उभं राहिलेलं नाही. ग्रुपवर मात्र रोज कोणी ना कोणी कुणाचा तरी एजंट निघतोच.